कारण कळल्यानंतरचा नमस्कार

सोमवारची पालखी आटोपली की देवळाच्या अग्रशाळेत चार माणसे बसतात, सुपारी कातरली जाते आणि गप्पांना ओघ येतो, हा आपल्याकडील जुना परिपाठ आहे. अशाच एका बैठकीत आमच्या समाजातील, नॉर्वेत नोकरीस असलेल्या एका तरुणाने मोबाइलवर पाठविलेले छायाचित्र हातोहात फिरले. काळ्याभोर आकाशात हिरव्या प्रकाशाचे पडदे लोंबत होते. त्यांच्या वरच्या कडेला तांबूस झाक होती आणि खाली बर्फाने झाकलेले डोंगर निश्चल उभे होते. एका वृद्ध गृहस्थांनी ते पाहताच हात जोडले. शेजारी शास्त्र विषयाचे शिक्षक बसले होते. ते हसून म्हणाले, "काका, नमस्कार कसला करता? ही केवळ विजेची करामत आहे. आकाशातून कण येतात, हवेवर आदळतात आणि हवा उजळते. झाले!" काका क्षणभर गप्प राहिले आणि मग आपल्या कोकणीत म्हणाले, "दिवो म्हळ्यार तेल आनी वातच न्ही?"

या उत्तराने मंडळी खूश झाली. पण वाद मिटला नाही, आणि माझ्या मते तो इतक्या स्वस्तात मिटूही नये. शिक्षकांची समजूत अशी की, एखाद्या गोष्टीचे कारण सांगितले म्हणजे तिच्यातील नवल संपले. काकांचे उत्तर मार्मिक खरे. परंतु आपण हात जोडले ते नेमके कशाला, हे त्यातून उलगडत नाही. तेल आणि वात माणसाने देवासाठी आणलेली असतात. आकाशातील तो दिवा कोणी कोणासाठी लावला? कारण कळल्यानंतरही नमस्कार टिकतो काय, आणि टिकत असेल तर त्याचे स्वरूप पूर्वीचेच राहते की पालटते, हा खरा प्रश्न आहे.

प्रथम शिक्षकांची बाजू नीट समजून घेऊ. कारण त्यांनी सांगितली त्याहून ती पुष्कळ सुंदर आहे. सूर्यापासून विद्युत्भारित कणांचा एक वारा अखंड वाहत असतो. सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटर किंवा त्याहून अधिक वेगाने निघालेला हा वारा दोन-चार दिवसांत पृथ्वीपाशी पोहोचतो. पृथ्वीचे चुंबकक्षेत्र त्याला बहुतांशी अडवते आणि बाजूने वळविते. या झोताने ते क्षेत्र सूर्याच्या बाजूला दबते आणि रात्रीच्या बाजूला धूमकेतूच्या शेपटीसारखे, चंद्राच्या कक्षेच्याही पलीकडे ताणले जाते. सूर्याचे कण थेट ध्रुवांवर ओतले जातात, अशी जी समजूत आहे ती अपुरी आहे. ताणलेल्या त्या शेपटीतील चुंबकरेषा तुटून पुन्हा जुळतात, साठलेली शक्ती मोकळी होते आणि इलेक्ट्रॉन त्या रेषांवरून पृथ्वीकडे धाव घेतात. दोन्ही चुंबकीय ध्रुवांभोवती एकेका लांबट कड्याच्या आकाराच्या प्रदेशात ते वातावरणात शिरतात. उत्तरेकडच्या प्रकाशाला 'अरोरा बोरिआलिस' आणि दक्षिणेकडच्याला 'अरोरा ऑस्ट्रालिस' म्हणतात. आपण दोहोंना ध्रुवीय प्रकाश म्हणू.

रंगांची कथा तर याहूनही नवलाची आहे. जमिनीपासून सुमारे १०० ते १५० किलोमीटर उंचीवर ऑक्सिजनचा अणू या माराने उद्दीपित होतो आणि सेकंदाच्या आतबाहेर हिरवा प्रकाश टाकून शांत होतो. तोच अणू तांबडा प्रकाश देऊ शकतो. पण त्यासाठी त्याला जवळजवळ ११० सेकंद कोणाचाही धक्का न लागता राहावे लागते. खालच्या दाट हवेत अणूंची इतकी रेटारेटी असते की, तो प्रकाशण्यापूर्वीच कोणाशी तरी टक्कर होते आणि त्याची शक्ती निघून जाते. म्हणून तांबडा रंग २०० किलोमीटरांच्या वर, विरळ हवेच्या एकांतातच उमटतो. पडद्याच्या खालच्या किनारीवर कधी दिसणारी गुलाबी अगर जांभळी छटा नायट्रोजनची असते. मी हे प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून काही वेळ बसून राहिलो. कारण कळल्याने माझे नवल घटले नाही. ते छायाचित्रातून निघून एका अणूच्या दोन मिनिटांच्या एकांतात जाऊन बसले.

हे ज्ञान माणसाच्या हाती सहजासहजी आलेले नाही. १७४१ साली स्वीडनमधील उप्साला येथे सेल्सिअस आणि त्यांचे सहकारी हिऑर्टर यांना आढळून आले की, आकाशात प्रकाश नाचू लागला म्हणजे घरातील होकायंत्राची सुई अस्वस्थ होते. नॉर्वेचे बिर्केलांड यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी निर्वात पेटीत एक चुंबकीय गोल टांगून त्यावर विद्युत्कणांचा मारा केला आणि त्याच्या ध्रुवांभोवती उजळणारी कडी डोळ्यांनी पाहिली. हिरव्या रंगाचे मापन आंगस्ट्रॉम यांनी १८६०च्या दशकात केले होते; परंतु तो ऑक्सिजनचा आहे हे कॅनडातील टोरंटो येथे मॅकलेनन आणि श्रम यांनी सिद्ध केले ते १९२५ साली. एका रंगाचे नाव विचारण्यात अर्धशतकाहून अधिक काळ गेला! हा चिवटपणा ज्यांनी दाखविला त्यांना नवल वाटत नव्हते, असे कोण म्हणेल?

मग कारण कळल्याने काही जाते, ते काय? माझ्या मते दोन गोष्टी जातात. भय जाते आणि अहंकार जातो.

भयाचे उदाहरण सेनेका या रोमन तत्त्वज्ञाने नोंदवून ठेवले आहे. सम्राट टायबीरियसच्या काळी एके रात्री आकाश इतके लालबुंद झाले की, ओस्टिया बंदर पेटले असे समजून सैन्याच्या तुकड्या विझविण्यासाठी धावत सुटल्या. १९३८ सालच्या २५ जानेवारीच्या रात्री युरोपभर असाच तांबडा प्रकाश पसरला आणि अनेकांना दूर कोठेतरी प्रचंड आग लागल्याचा भास झाला; पुढच्या वर्षी महायुद्ध पेटले तेव्हा कित्येकांनी त्या रात्रीचा अर्थ मागाहून लावला. ओस्टियाकडे धावलेल्या शिपायांचे मात्र मला कौतुक वाटते. त्यांचे ज्ञान चुकले. पण त्यांची धाव संकटात सापडलेल्यांच्या मदतीसाठी होती. आकाशाकडे पाहून ज्यांनी शत्रूच्या मरणाचे वा आपल्या भाग्याचे भाकीत केले, त्यांच्यापेक्षा हे शिपाई मला अधिक धार्मिक वाटतात.

हा इतिहास आपल्यापासून फार दूरचा आहे असेही नाही. १८५९ सालच्या सप्टेंबरच्या आरंभी सूर्यावरील एका महास्फोटानंतर जे चुंबकीय वादळ उठले, त्याची मोलाची नोंद मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतील उपकरणांनी केली होती. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यांच्या प्रवाहाने नाजूक मापनांत बाधा येणार, म्हणून हे काम अलिबागला हलविण्यात आले. तेथील वेधशाळा १९०४ पासून कार्य करीत आहे. ४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री तर खुद्द मुंबईच्या आकाशात हा प्रकाश दिसल्याचे वृत्त त्या वेळच्या वर्तमानपत्रात आले होते. अलीकडे १० मे २०२४ च्या रात्री लडाखमधील हानले येथे वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी क्षितिजावरील तांबडी प्रभा टिपली. तेथून केवळ तांबडाच रंग का दिसावा, हे आता वाचकांच्या ध्यानी येईल. प्रकाश फार उत्तरेकडे असल्याने त्याचा खालचा हिरवा भाग क्षितिजाआड राहिला आणि सर्वांत उंच असलेला तेवढाच डोकावला. हे ज्याला ठाऊक नाही तो त्या रक्तवर्णाला अपशकुन मानील. ज्याला ठाऊक आहे त्याला मात्र कर्तव्य दिसेल. कारण अशाच एका वादळाने १३ मार्च १९८९ रोजी कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील सुमारे साठ लाख लोकांची वीज कित्येक तास तोडली होती. वीजवाहिन्या आणि उपग्रह यांना सावध करणे हे आज या ज्ञानाचे पहिले काम आहे. भय गेले की त्याच्या जागी जबाबदारी येते.

अहंकाराची गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. अपशकुन मानणारा आणि शुभशकुन मानणारा, दोघेही एकच गोष्ट गृहीत धरतात की, आकाश मला उद्देशून काही बोलत आहे. शास्त्र म्हणते, तसे नाही. माणूस नव्हता तेव्हाही हे पडदे हलत होते. गोठलेल्या समुद्रावर, जेथे कोणी पाहणारा नाही तेथेही ते रात्रीमागून रात्री हलतात. गुरू आणि शनी यांच्या ध्रुवांवरही तसलेच प्रकाश आहेत. भाविक मनाला येथे किंचित धक्का बसतो, हे मी मान्य करतो. जे माझ्यासाठी नाही त्याला मी नमस्कार कसा करू?

आपल्या देवळांतून देवाला प्रसाद लावतात. पाकळी उजवी पडली की डावी, यावरून कौल समजतात. त्या प्रथेला एक चौकट आहे. विचारणारा ठरलेला, प्रश्न ठरलेला, आणि उत्तराने बांधून घेण्याची तयारीही असते. तिचा मी अनादर करीत नाही. परंतु अवघे विश्व ही आपल्या प्रश्नासाठी चिकटविलेली पाकळी नव्हे. ब्रह्मसूत्रांनी सृष्टीला लीला म्हटले आहे, त्यातही हाच अर्थ मला दिसतो. लीलेला प्रयोजन नसते. ती कोणाची अडचण सोडविण्यासाठी चाललेली नसते. तरी तिच्यापुढे उभे राहणाऱ्याचे मस्तक लवते. मागणीवाचून केलेला नमस्कार अवघड खरा. देवापुढे उभे राहिलो की तोंडातून नकळत मागणे निघते, हा आपल्या सर्वांचाच अनुभव आहे. ज्या वस्तूपाशी मागण्यासारखे काहीच नाही, तिच्यापुढे हात जोडता येणे ही निष्काम भक्तीची एक परीक्षाच म्हटली पाहिजे.

केनोपनिषदातील यक्षाची कथा येथे आठवते. विजय ब्रह्माचा होता. देवांना वाटले, तो आपलाच. तेव्हा त्यांच्यापुढे एक अनोळखी यक्ष प्रकटला. अग्नीला त्याने पुढे ठेवलेली गवताची काडी जाळता आली नाही, वायूला ती हलविता आली नाही. इंद्र पुढे झाला तो यक्षच अदृश्य झाला. पण अग्नी आणि वायू परत फिरले तसा इंद्र फिरला नाही. जेथे काहीच उरले नव्हते त्या आकाशात तो थांबला, आणि तेथेच उमेने त्याला ते काय होते हे सांगितले. याच उपदेशात पुढे ब्रह्माच्या ज्ञानाला विजेच्या चमकण्याची आणि पापणी लवण्याची उपमा येते. 'माझे' म्हणणाऱ्याला दिसले नाही. थांबून विचारणाऱ्याला कळले, असा या कथेचा माझ्यापुरता बोध आहे.

हा बोध ध्रुवीय प्रकाश पाहावयास जाणाऱ्यांनाही उपयोगी पडेल. आजकाल आपल्याकडील पुष्कळ कुटुंबे नॉर्वेतील ट्रॉम्सो, स्वीडनमधील आबिस्को, कॅनडातील येलोनाइफ येथे जातात; दक्षिणेकडे टास्मानिया आणि न्यूझीलंडचे स्टुअर्ट बेट येथूनही कधीकधी दर्शन होते. उत्तरेस सप्टेंबर ते मार्च हा काळ योग्य, कारण उन्हाळ्यात तेथे रात्र नीट काळी होतच नाही. विषुवदिनांच्या आसपास चुंबकीय वादळे अधिक होतात. चांदणे नसावे, आकाश निरभ्र असावे, गावाचे दिवे मागे राहावेत आणि मध्यरात्रीच्या अलीकडे-पलीकडे दोन-तीन तास बाहेर थांबण्याची तयारी असावी. सूर्याच्या डागांचे चक्र सुमारे ११ वर्षांचे असते. त्याचा अलीकडचा बहर २०२४ च्या सुमारास आला आणि बहर ओसरल्यानंतरही काही वर्षे मोठी वादळे होत राहतात. एवढे सर्व जुळले तरी एखादा ढग आडवा येतो आणि माणूस रिकाम्या हातांनी परततो. "इतके पैसे भरले आणि काही दिसले नाही," ही तक्रार मग कानी येते. शकुन पाहणाऱ्याचा अहंकार आणि ही तक्रार यांत मला फारसा भेद दिसत नाही. एकाला वाटते, आकाशाने माझ्याशी बोलावे. दुसऱ्याला वाटते, आकाशाने माझ्या पैशांची पावती द्यावी. तयारी करणे आपल्याकडे, दिसणे आपल्याकडे नाही. पंढरीच्या रांगेत उभा राहिलेला वारकरी हे कोणी न शिकविता जाणतो.

आता कॅमेऱ्याविषयी. नॉर्वेतील त्या तरुणाने छायाचित्राबरोबर एक ओळ लिहिली होती. चार रात्री केवळ ढग होते. पाचव्या रात्री बराच वेळ नुसत्या डोळ्यांना राखाडी धुक्यासारखा पट्टा तेवढा दिसला, हिरवा रंग प्रथम कॅमेऱ्यातच उमटला. याचे कारण सरळ आहे. मंद प्रकाशात आपल्या डोळ्यांतील ज्या पेशी काम करतात त्यांना रंग ओळखता येत नाही. कॅमेरा मात्र कित्येक सेकंदांचा प्रकाश साठवून ठेवतो. प्रकाश प्रखर असला की डोळ्यांनाही हिरवे दिसते, तांबडे क्वचितच. मग खरे कोणते, डोळ्याचे की यंत्राचे? माझे उत्तर असे की, दोन्ही खरी आहेत; पण दर्शन डोळ्यांचे. अंधाराला डोळे सरावण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि मधे एकदा जरी मोबाइल उजळला तरी ती सवय मोडते. गर्भगृहातील अंधारात समईच्या उजेडात उभे राहिल्यावर मूर्ती हळूहळू उलगडत जाते, आधी मुकुट, मग डोळे, मग स्मित, हे आपण लहानपणापासून अनुभवले आहे. तो उलगडण्याचा अवधी म्हणजेच दर्शन. तो अवधी वगळून जे घरी आणता येते ते चित्र; त्याचा आदर करावा, परंतु त्यालाच दर्शन समजू नये.

येथे आपल्या लोकांच्या एका जुन्या मोहाविषयीही बोलले पाहिजे. 'अरोरा' हे रोमन लोकांच्या उषादेवीचे नाव. ते आणि वेदांतील 'उषस्' ही एकाच प्राचीन मूळ शब्दाची रूपे आहेत. लोकमान्य टिळकांनी १९०३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात उषासूक्तांवरून वेदांचे मूळ स्थान उत्तर ध्रुवाजवळ असल्याचे प्रतिपादिले होते. त्यांचा व्यासंग वंदनीय आहे. पण त्यांचा तो सिद्धान्त आजचे विद्वान मानीत नाहीत, आणि त्यांचा युक्तिवादही ध्रुवाजवळच्या दीर्घ पहाटेविषयी होता. तेव्हा 'हे सारे आमच्या पूर्वजांना ठाऊकच होते' असे म्हणून छाती फुगविणे हे देवांनी ब्रह्माचा विजय आपला म्हणण्यासारखेच होईल. आपल्या माणसांचे या विषयातील खरे काम अभिमान वाटावा असे आहे, आणि त्यासाठी काही कल्पावे लागत नाही. ६ डिसेंबर १९८१ रोजी पहिली भारतीय अंटार्क्टिका मोहीम डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली गोव्याहूनच निघाली. ध्रुवीय संशोधनाची राष्ट्रीय संस्था आपल्या वास्को येथे आहे. अंटार्क्टिकातील 'मैत्री' आणि 'भारती', उत्तरेस स्वालबार्डमधील 'हिमाद्री', ही ठाणी तिच्याच देखरेखीखाली चालतात. दक्षिणेच्या दीर्घ रात्रीत तेथे राहणारी आपली माणसे हा प्रकाश पाहतात, आणि दुसऱ्या दिवशी आपल्या मापनयंत्रांपाशी बसतात. पाहणे आणि जाणणे यांची फारकत त्यांच्या आयुष्यात होत नाही.

पुढच्या सोमवारी त्या शिक्षकांनी काकांना एका जुन्या कॅलेंडराच्या पाठीवर पृथ्वी, सूर्य आणि चुंबकरेषा काढून सर्व समजावून सांगितले. काकांनी मन लावून ऐकले. शेवटी त्यांनी एकच विचारले, "दिवसा काय होते त्याचे? विझतो?" शिक्षक म्हणाले, "नाही काका. उन्हातही तो चालूच असतो. आपल्याला दिसत नाही इतकेच." काका उठले, देवळाच्या चौकात आले आणि नेहमीसारखे हात जोडून उभे राहिले. या वेळी शिक्षकांनी त्यांना, नमस्कार कसला करता, असे विचारले नाही.